मोजक्या घरांसाठी बांधलेला पूल

(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तंत्रज्ञान’ एवढंच छापलंय. मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी बोलेन, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असणार. पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतंच आहे. मी तुम्हाला सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुलाची गोष्ट सांगणार आहे.

काहींना आठवत असेल, माझी पदवी सिव्हिलची आहे. आम्ही कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा कंपन्या कुठल्याही शाखेच्या इंजिनिअरला घेत होत्या आणि दोन-तीन महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवून कामाला लावत होत्या. मीही त्या गाडीत चढले ती आजतागायत उतरलेली नाही. सिव्हिलमधलं पुष्कळ विसरले, पण एक पूल डोक्यातून गेला नाही. आमच्या पुस्तकात त्याचा एक धूसर काळा-पांढरा फोटो होता. पुढे ऑफिसच्या कामासाठी झुरिकला जाणं झालं, तेव्हा एक रविवार त्याच्यासाठी राखून ठेवला.

स्वित्झर्लंडच्या पूर्वेला ग्राउब्युंडेन नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या प्रेटिगाऊ खोऱ्यात शीर्स हे गाव आहे आणि त्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, शूडर्स ही वस्ती. मोजकी घरं, एक चर्च, गुरं आणि गवताची कुरणं. आपल्याकडे तिला वाडीच म्हटलं असतं. शीर्सहून शूडर्सला जायचं तर मध्ये साल्गिना नावाच्या ओढ्याची खोल घळ आडवी येते. तिथल्या भाषेत अशा घळीला ‘टोबेल’ म्हणतात. म्हणून पुलाचं नाव साल्गिनाटोबेल.

ओढा लहान आहे, पण घळ भयंकर आहे. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी साधारण ९० मीटर खाली दिसतं, म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरून रस्त्याकडे पाहावं तसं. दोन्ही बाजूंना उभे कडे. मध्ये खांब उभा करायचा तर तो तळापासून उचलावा लागणार, आणि तेवढा पैसा त्या मूठभर घरांसाठी कोण देणार?

१९२८ साली या पुलासाठी स्पर्धा जाहीर झाली. १९ प्रस्ताव आले. त्यातला सर्वांत स्वस्त प्रस्ताव निवडला गेला. आराखडा रॉबर्ट मायार यांचा होता आणि बांधकामाचा ठेका फ्लोरियान प्राडर यांचा. १९२९ मध्ये काम सुरू झालं आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये पूल वाहतुकीला तयार झाला. कमानीचा गाळा ९० मीटरचा, पुलाची एकूण लांबी १३० मीटरच्या थोडी वर, आणि रुंदी जेमतेम साडेतीन मीटर. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता.

आता हा मायार कोण, ते सांगते. त्याशिवाय पूल कळणार नाही.

त्यांचा जन्म १८७२ चा, बर्न शहरातला. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातून ते १८९४ साली इंजिनिअर झाले. तिथे विल्हेल्म रिटर नावाचे प्राध्यापक त्यांना शिकवायला होते. रिटर यांचा विषय आलेखी स्थितिशास्त्र. पुलावर येणारी बलं समीकरणांऐवजी कागदावर मोजून-मापून रेषांनी काढायची आणि त्या रेषांवरून पुलाचा आकार ठरवायचा. आपल्या भूमितीच्या बाई फळ्यावर लाकडी कंपासने वर्तुळ काढायच्या आणि म्हणायच्या, ‘आकृती नीट आली की अर्धं उत्तर आलं.’ बाई समोरच बसल्या आहेत. बाई, रिटर यांचं सगळं शास्त्र तुमच्या त्या एका वाक्यात होतं.

त्या काळात काँक्रीट नवीन होतं आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. १८९९ मध्ये मायार यांनी झुरिकमध्ये काँक्रीटच्या कमानीचा एक पूल केला, पण त्याला बाहेरून दगड लावले गेले. पाहणाऱ्याला वाटावं, दगडीच पूल आहे. काँक्रीटने लाजून आत लपावं, असा तो मामला होता.

दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, त्यांनी त्सुओत्स गावाजवळ इन नदीवर पूल बांधला. इथे त्यांनी कमान, तिच्या बाजूच्या भिंती आणि वरचा रस्ता हे तिन्ही एकजीव केले. आतून पोकळ अशी काँक्रीटची पेटीच तयार झाली. भरीव कमानीवर रस्त्याचं ओझं ठेवण्यापेक्षा रस्त्यालाच कमानीच्या कामाला लावलं. साहित्य कमी लागलं आणि ताकद वाढली.

पण दोनेक वर्षांत त्या पुलाच्या भिंतींना तडे दिसू लागले, दोन्ही टोकांना, कमान जिथे काठावर टेकते त्याच्या जवळ. पुलाला धोका नव्हता. मायार यांना पाहणीसाठी बोलावलं गेलं. तडा म्हटलं की आपण काय करतो? सिमेंट भरतो, जास्त सळ्या घालतो, पुढच्या वेळी भिंत जाड करतो. मायार यांनी वेगळा प्रश्न विचारला. इथे तडा जातो आणि तरी पूल मजेत उभा आहे, तर मग ही भिंत इथे करते काय? उत्तर निघालं, काहीच नाही. भार तिच्यातून जातच नव्हता.

म्हणून १९०५ च्या तावानासा इथल्या पुलात त्यांनी टोकांजवळचा तेवढा भाग काढूनच टाकला. भिंतीतून लांब त्रिकोण कापावेत तसा. पुलाला एकदम वेगळंच रूप आलं. आधी कुणी पाहिलेलं नव्हतं असं ते रूप शोभेसाठी काढलेलं नव्हतं, ते तड्याने दाखवून दिलं होतं.

माझ्या धंद्यात मला हे फार जवळचं वाटतं. आम्ही जुन्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की आणखी चार ओळी घालतो. वीस वर्षांनी त्या ओळींचं जंगल होतं. ‘ही ओळ इथे करते काय?’ असं विचारून काढून टाकणारा माणूस क्वचित भेटतो, कारण काढायला आधी संपूर्ण समजावं लागतं. भर घालायला तेवढं समजायची गरज नसते.

मायार यांची भरभराट झाली. स्वतःची बांधकाम कंपनी होती. खाली तुळया नसलेले, खांबांवर थेट टेकणारे सपाट स्लॅब त्यांनी युरोपात रूढ करायला सुरुवात केली. रशियात मोठमोठी कामं मिळाली, कारखाने, गोदामं. १९१४ च्या उन्हाळ्यात ते बायकामुलांसह रिगा शहरात होते, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परतीची वाट बंद झाली. तिथून ते खारकोव्हला गेले, तिथेही मोठी कामं केली. १९१६ मध्ये पत्नी वारली. पुढच्या वर्षी क्रांती झाली आणि कमावलेलं सगळं गेलं. १९१८-१९ च्या हिवाळ्यात ते तीन मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला परतले तेव्हा खिशात काही नव्हतं आणि डोक्यावर कर्ज होतं.

त्या वेळी त्यांचं वय होतं सेहेचाळीस-सत्तेचाळीस.

मित्रांनो, या सभागृहात आपण बहुतेक जण त्याच वयाचे आहोत. सकाळी चहाच्या वेळी एकमेकांशी जे बोललो त्यातलं अर्धं बोलणं याच वयाचं होतं. कुणाची नोकरी गेलीय, कुणी दुकान बंद केलंय, कुणी आईवडिलांसाठी सगळं सोडून गावी आलंय, कुणी एकटं पडलंय. ‘आता या वयात काय नवीन करणार’ हे वाक्य मी आज किमान चार वेळा ऐकलं. म्हणून मायार यांचं वय मुद्दाम सांगितलं. १९१९ मध्ये त्यांनी जिनिव्हात नव्याने छोटं ऑफिस उघडलं. आता बांधकाम कंपनी नव्हती, यंत्रं नव्हती, भांडवल नव्हतं. उरला होता तो फक्त आराखडा करण्याचा धंदा. आज जगभर त्यांचे जे पूल शिकवले जातात, त्यातले बहुतेक या दुसऱ्या डावातले आहेत.

१९२७ मध्ये आणखी एक आघात झाला. तावानासाचा तो पूल दरड कोसळून वाहून गेला. त्यात पुलाचा दोष नव्हता, डोंगरच खाली आला. पुढच्याच वर्षी साल्गिनाटोबेलची स्पर्धा लागली आणि मायार यांनी तीच तावानासाची कल्पना पुन्हा हातात घेतली, अधिक मोठी आणि अधिक नेमकी करून.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

कमान दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला रेटा देते. आपण दोन पाय फाकून गुळगुळीत फरशीवर उभे राहिलो तर पाय बाहेर सरकू लागतात, तसं. हा रेटा पेलायला भक्कम आधार हवा. साल्गिनाच्या दोन्ही बाजूंचे कडे तो देतात. म्हणजे जी घळ अडचण होती, तिच्याच भिंतींचा पुलाला आधार झाला.

या कमानीला तीन सांधे आहेत, दोन टोकांना आणि एक माथ्यावर. दाराच्या बिजागरीसारखे समजा. काँक्रीट उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. सगळं घट्ट जखडलं असतं तर या फुगण्या-आकसण्याने आत ताण आले असते आणि तडे गेले असते. सांध्यांमुळे उन्हाळ्यात माथा किंचित वर येतो, हिवाळ्यात किंचित खाली जातो आणि पुलाला त्याचा त्रास होत नाही. आल्प्समधल्या हवेत हे फार महत्त्वाचं.

आता आकार पाहा. बिजागरीच्या जागी वाकवणारं बल टिकूच शकत नाही, तिथे ते शून्य असतं. त्यामुळे तिन्ही सांध्यांजवळ कमान बारीक असली तरी चालते. पण एखादी जड गाडी पुलाच्या एका अर्ध्या भागावर आली की तो भाग खाली दबू पाहतो आणि दुसरा वर फुगू पाहतो. हे वाकणं सर्वांत जास्त कुठे? टोक आणि माथा यांच्या साधारण मध्यावर. म्हणून मायार यांनी कमान तिथे सर्वांत उंच ठेवली आणि दोन्हीकडे निमुळती करत नेली. दोन चंद्रकोरी टोकाला टोक लावून घळीवर टेकवाव्यात, तशी ती दिसते. जिथे काम आहे तिथेच काँक्रीट. ते एवढं सुंदर का दिसतं, याचं उत्तर मला तरी तेवढंच सापडलं.

आणि स्वस्त का पडलं? त्याचंही उत्तर गंमतीचं आहे. काँक्रीट ओतायचं तर खालून सेंटरिंग लागतं. आपल्याकडे घराचा स्लॅब टाकताना बांबू-फळ्या लावतात, तेच. इथे ते ९० मीटर खोल घळीवर उभारायचं होतं. रिखार्ड कोराय नावाच्या कारागिराने कड्यांवरून पंख्यासारखं उघडत जाणारं लाकडी सेंटरिंग उभारलं. त्याचे फोटो पाहिले तर पुलाइतकंच तेही पाहत राहावंसं वाटतं. पण संपूर्ण पुलाचं वजन पेलेल एवढं लाकूड घालायचं तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून मायार यांनी सेंटरिंगवर फक्त कमानीचा खालचा पातळ थर ओतायचं ठरवलं. तो कडक झाला की पुढच्या भिंतींचं आणि रस्त्याचं ओझं त्या थरानेच उचलायचं. म्हणजे पूल अर्धवट असतानाच स्वतःला बांधायला मदत करू लागला. लाकूड कमी लागलं आणि १९ प्रस्तावांत हा सर्वांत स्वस्त ठरला.

मायार १९४० मध्ये वारले. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं, चित्रकार आणि शिल्पकारांच्या पंगतीत एक इंजिनिअर. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेने या पुलाला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान दिला. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ६०-७० वर्षांत काँक्रीटमध्ये पाणी मुरलं, झीज झाली. १९९७-९८ मध्ये पुलाची नीट दुरुस्ती केली गेली. पाणी मुरू नये अशी सोय झाली, कठडे नव्याने केले आणि मूळ रूपाला धक्का लागू दिला नाही. पूल संग्रहालयातली वस्तू झाला नाही, रस्ताच राहिला. मी खालच्या पायवाटेवरून मान वर करून पाहत होते, तेवढ्यात टपाल खात्याची एक छोटी पिवळी बस वरून शूडर्सकडे गेली. आत तीन-चार माणसं असतील.

त्या बसने मला विचारात पाडलं. आमच्या बैठकींमध्ये कुठल्याही कामाआधी पहिला प्रश्न येतो, ‘वापरणारे किती?’ आकडा लहान असला की काम यादीत खाली जातं आणि खालून बाहेर पडतं. अंध माणसांना वापरता येईल अशी सोय करायची, जुने स्वस्त फोन असलेल्यांसाठी अ‍ॅप हलकं ठेवायचं, अशी कामं मी या एका प्रश्नाने मरताना पाहिली आहेत. आता मी त्या बैठकीत म्हणते, वापरणारे थोडे आहेत ना, मग स्वस्तात कसं बसवायचं ते शोधू. दर वेळी जिंकते असं नाही. पण शूडर्सला कुणी ‘घरं किती’ विचारून गप्प बसलं असतं तर हा पूल झाला नसता, आणि थोड्या पैशात तो बसवावा लागला नसता तर तो असा झाला नसता. टंचाईमुळे माणूस हलकं काम करतो हे खरं, पण कधी कधी नेमकंही करतो.

आता आपल्याकडे येते.

आठवीच्या हजेरीपटावर पऱ्यापलीकडच्या वाडीतल्या पाच मुली होत्या. आपल्या दहावीच्या फोटोत त्यातल्या दोन आहेत. त्या दोघी आज इथे आल्या आहेत, बाकीच्या तिघी कुठे आहेत ते आपल्याला त्यांच्याकडूनच कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये साकवावरून पाणी गेलं की आठवडा-आठवडा त्या शाळेत यायच्या नाहीत. मग घटक चाचणी बुडायची, मग सहामाहीत मागे पडायच्या, मग घरचे म्हणायचे, पुरे झालं. आपण त्यांना ‘पावसाळी सुट्टीवाल्या’ म्हणायचो आणि हसायचो. आता सुपारीच्या खोडांचा साकव जाऊन सिमेंटची मोरी झाली आहे, पण ती ठेंगणी आहे. मोठ्या पावसात पाणी आजही वरून जातं. सकाळी मुख्याध्यापक सर सांगत होते, वाडीतून सध्या अकरा मुलं येतात आणि पावसाळ्यात त्यांची हजेरी तशीच गळते.

काल रात्री आपल्या ग्रुपवर जमलेल्या निधीची चर्चा झाली. शाळेच्या प्रवेशद्वारावर बॅचच्या नावाची कमान उभारावी, अशी सूचना आहे. मी पाऊण तास कमानीचंच कौतुक करतेय, तेव्हा कमानीला माझा विरोध कसा असेल? पण कमान वजन उचलायला असते. दारावरची कमान आपली नावं उचलेल, दुसरं काही नाही.

पूल आपण बांधू शकत नाही, ते सरकारचं काम आहे आणि सरकारनेच करावं. पण त्याआधीची कामं आपल्याला जमण्यासारखी आहेत. आपल्या वर्गात दोन जण आजही सिव्हिलमध्ये आहेत, एक जण कंत्राटं घेतो, एक जण पंचायत समितीत निवडून आलेला आहे. पुराच्या पाण्याची खरी पातळी मोजणं, जागेचा सर्व्हे, नकाशा, अंदाजपत्रक आणि तो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलत राहील एवढा पाठपुरावा, याला फार पैसा लागणार नाही. जो उरेल त्यातून पूल होईपर्यंत पावसाळ्याचे दोन महिने त्या अकरा मुलांसाठी लांबच्या रस्त्याने येणारी एक गाडी ठरवता येईल.

मोजणीच्या टेपचं एक टोक धरायला मी येईन. सिव्हिलचं तेवढं अजून आठवतं. चहानंतर ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत यावं, आपण यादी करू.